बांधकामात तीस वर्षं टिकायचं, तर पहिल्या दहा वर्षांत काय करावं?

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. सिव्हिलची पदवी घेऊन साइटवर आलो, त्याला आता चार वर्षं होतील. चार वर्षांत तीन नोकऱ्या झाल्या. पहिली मी सोडली, दुसरी साइट संपल्यावर संपली, सध्या तिसरीत आहे. काम मनापासून आवडतं. सकाळी सेंट्रिंगवर (काँक्रीट ओतायच्या फळ्यांच्या साच्यावर) चढून सळईची जाळी तपासताना वेळ कसा जातो कळत नाही. पण वर्गातले निम्मे मित्र सॉफ्टवेअरकडे वळले आणि घरी रोज एकच विचारणा असते, "पुढे काय?" माझ्याकडे उत्तर नसतं.

ज्यांनी या धंद्यात वीस-तीस वर्षं काढली, त्यांना विचारायचंय. साइटवरच राहावं की डिझाइन ऑफिसात जावं? नोकऱ्या बदलाव्या की एका जागी मुरावं? कोर्स करावेत का?

आणि एक मनाला लागलेली गोष्ट. मागच्या आठवड्यात आमचा स्लॅब पडला, 400 चौरस मीटरचा. नंतर लेव्हल लावून पाहिली तर जाडी सरासरी 10 मिमी जास्त. 150 चा 160 झालाय. वरिष्ठांना सांगितलं, तर म्हणाले, "कमी तर नाही ना झाला? मग सोड." तेव्हापासून वाटतंय, इथे राहून मी नक्की काय शिकणार?

कोपऱ्यातला_गुण्या
"आमचा स्लॅब पडला" हे वाक्य फोनवर मोठ्याने बोलू नकोस रे. माझी आई वीस वर्षांनंतरही दचकते. आधी "किती जण होते खाली?" विचारते, मग तिला आठवतं की काँक्रीट टाकून झालं एवढंच सांगतोय.
उत्तरं वाचायला बसलोय.

ओळंबा
माझं एकतिसावं वर्ष चालू आहे, सगळी साइटवरची. तुला एकच सांगतो: एक तरी काम आखणीपासून किल्ल्या देईपर्यंत पुरं कर. चार वर्षांत तीन साइट म्हणजे तू बहुधा प्रत्येक ठिकाणी मधलाच तुकडा पाहिलायस.

माझ्या पहिल्या साइटवर आखणी मी केली होती. बाजू मोजल्या, पण कर्ण मोजले नाहीत. चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आले तरच तो गुण्यात, म्हणजे काटकोनात, हे पुस्तकात होतं, माझ्या हातात नव्हतं. कॉलम उठले, स्लॅब झाले, भिंती झाल्या, कुणाच्याही लक्षात आलं नाही. चौदा महिन्यांनी एका लांब बोळात फरशीचं काम चालू होतं. भिंतीलगतची प्रत्येक फरशी फरशीवाला तिरकी कापत होता. बोळाच्या एका टोकाला पट्टी पूर्ण रुंदीची, दुसऱ्या टोकाला 20 मिमी कमी. गुडघ्यावर बसून तो एकेक फरशी मापून कापत होता, कपाळाला आठी नाही. मी विचारलं, "असं का?" तो म्हणाला, "साहेब, बोळ मुळातच गुण्यात नाही. आता आम्हीच सांभाळून घ्यायचं."

मला कुणीही बोललं नाही, कारण आखणी कुणाची होती हे कुणाला आठवतच नव्हतं. मला आठवत होतं. त्यानंतर कर्ण मोजल्याशिवाय मी एकही आखणी पास केलेली नाही. दहाव्या महिन्यात साइट बदलली असती तर ती तिरकी पट्टी मला दिसलीच नसती आणि पुढच्या दहा इमारतींत मी तेच करत राहिलो असतो.

सोडलेली_साइट
ओळंबाकाका, तुमचा मान राखून दुसरी बाजू मांडतो. मी सात वर्षं केली आणि सोडली. पायापासून किल्ल्यांपर्यंत एक काम पुरंही केलं. त्याच कामात शेवटचे तीन महिने पगार थकला. मालकाने ठेकेदाराचं बिल अडवलं, ठेकेदाराने आमचा पगार अडवला. मुलगी सहा महिन्यांची होती. रविवारी साइट, सणाला साइट. रात्रीचं काँक्रीट असेल तर सकाळी घरी यायचो, तेव्हा ती झोपलेली असायची.

पोराला "मुरत राहा" सांगताना हेही सांगा. मुरताना घर चालावं लागतं.

ओळंबा
खरं आहे, आणि मी ते लिहायला हवं होतं. माझेही दोनदा थकले आहेत. आता कुठेही जाण्याआधी तीन गोष्टी विचारतो: या कामाला पैसा कुणाचा, बिल किती दिवसांनी निघतं, आणि मागच्या साइटवरच्या लोकांचे पगार झाले का. तिसऱ्याचं उत्तर ऑफिसात मिळत नाही. ते स्टोअरकीपरला आणि मुकादमाला विचारायचं.

मोजमाप
मी क्वांटिटी आणि बिलिंग बघतो. पगार का थकतो आणि तुझ्या स्लॅबची जाडी, या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारीच राहतात. बघ कशा.

400 चौरस मीटर गुणिले 0.01 मीटर म्हणजे 4 घनमीटर काँक्रीट. मिक्सरची गाडी 6 घनमीटरची धरली, तर दोन-तृतीयांश गाडी एका स्लॅबमध्ये जास्तीची गेली. बिल निघतं ड्रॉइंगच्या 150 मिमीचं. हे 4 घनमीटर ठेकेदाराच्या खिशातून गेले. असे दहा मजले झाले की 40 घनमीटर. नफा मुळात पातळ असतो, तो अशा मिलिमीटरांत विरघळतो. मग पैसे पुरले नाहीत की पहिली कात्री कुठे लागते, हे वर सोडलेली_साइटने लिहिलंच आहे.

म्हणून तुझे वरिष्ठ "सोड" म्हणाले ते मला पटत नाही. तू पकडलंस ते बरोबर पकडलंस. ज्या इंजिनिअरला मिलिमीटरचं पैशात रूपांतर करता येतं, त्याला मंदीतही सहसा कुणी घरी पाठवत नाही.

सवय लावून घे. मीटरमागे सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले 162. म्हणजे 16 मिमीची सळई 256 भागिले 162, साधारण 1.58 किलो. 12 मीटरची लांबी जवळजवळ 19 किलो. गाडी उतरताना नग मोजले की वजनाची पावती बरोबर की नाही, उभ्या उभ्या कळतं. यासाठी कुठलाही कोर्स लागत नाही.

रेघोटी
मी स्ट्रक्चरल डिझाइन करते, अठरा वर्षं झाली. मोजमापांचा हिशोब पुढे नेते. 4 घनमीटर आरसीसी म्हणजे सुमारे 10 टन. प्रत्येक चौरस मीटरवर पाव किलोन्यूटन, म्हणजे साधारण 25 किलो, जास्त वजन, आणि तेही कायमचं. एका मजल्याला इमारत हे सहज पेलेल. पण प्रत्येक मजल्यावर होत असेल तर ते वजन कॉलममधून पायापर्यंत उतरतं, आणि माझ्या हिशोबात ते नसतं. शिवाय वरची सळई आपल्या जागी राहून फक्त काँक्रीट चढलं असेल, तर सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, वाढलं. तिसरा_मजला, हे डिझायनरला लेखी कळव. ही तक्रार नव्हे, माहिती आहे. मला असा मेल आला तर मी त्या इंजिनिअरचं नाव लक्षात ठेवीन.

यावरून मला कायम 1907 सालचा कॅनडातला क्वेबेकचा पूल आठवतो. मधला गाळा (दोन आधारांमधलं अंतर) 1600 फुटांवरून 1800 फूट केला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचे आकडे त्याप्रमाणे वेळेवर बदलले नाहीत. बांधकाम चालू असताना साइटवरच्या तरुण इंजिनिअरला खालच्या पोलादी अवयवांत बाक दिसला. त्याने तो मोजला, कळवला. उत्तरं आली की हा बाक आधीपासूनचाच असेल. शेवटी तो स्वतः न्यूयॉर्कला मुख्य सल्लागाराकडे गेला. त्यांनी आणखी वजन चढवू नका अशी तार केली, पण साइटवर काम थांबलं नाही. 29 ऑगस्टला पूल कोसळला आणि 75 कामगार गेले. ऑफिसातले सगळे त्या तरुणापेक्षा अनुभवी होते. बाक मोजायला तिथे उभा होता तो एकटा.

साइट की ऑफिस, या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे: आधी दोन वर्षं साइट, मग हवं तर ऑफिस. ज्याने बीम-कॉलमच्या सांध्यात सळया बांधताना फिटरची बोटं अडकलेली पाहिली नाहीत, तो कागदावर त्या सांध्यात आणखी चार सळया सहज वाढवतो.

थापी
मी बिगारी म्हणून लागलो, मग गवंडी, मग मुकादम, आता स्वतःची छोटी ठेकेदारी आहे. शिक्षण आठवी. टायपिंग मुलगा करतोय, मी सांगतोय.

साहेब, तुम्ही विचारलंत काय शिकणार. व्हायब्रेटरची सुई, ओलं काँक्रीट थरथरवून त्यातली हवा काढणारी, एकदा स्वतःच्या हातात धरा. काँक्रीटमध्ये घातली की आधी आवाज बदलतो, घरघरतो. बुडबुडे येतात. मग आवाज एका सुरात येतो, बुडबुडे थांबतात, वर ओलसर चकाकी येते. तेव्हा हळू वर घ्यायची, भोक मिटलं पाहिजे. घाईत ओढली तर भोक राहतं. आणि सुईने माल ढकलायचा नाही, खडी एकीकडे आणि चिकी (सिमेंटचं पातळ पाणी) एकीकडे होते. हे मी कानाने शिकलो. किती साहेब आले, सुई धरलेले दोनच.

दुसरं, माणसांची नावं पाठ करा. "ए" म्हणून हाक मारणाऱ्याला कोणी चूक सांगत नाही. नावाने बोलावणाऱ्याला फळी हलतेय ते आधी सांगतात.

ओळंबा
थापीभाऊंच्या कानाला विज्ञानाचा आधार आहे. काँक्रीटमध्ये 5 टक्के हवेच्या पोकळ्या राहिल्या तर ताकद सुमारे 30 टक्क्यांनी घटते. म्हणजे कारखान्यात मिश्रण कितीही चांगलं करा, ते सुई धरणाऱ्याच्या मनगटावर येऊन थांबतं.

नवी_नेमणूक
सगळं वाचतेय. मी डिप्लोमा करून तीन महिन्यांपूर्वी लागले. साइटवर मी एकटीच मुलगी. दोन प्रश्न. डिप्लोमावर शेवटपर्यंत पोहोचता येतं का? आणि बाईला साइटवर लांबचा पल्ला शक्य आहे का? ऑफिसात सगळे सुचवतात, "तू ड्रॉइंग बघ, साइट आम्ही बघतो."

रेघोटी
नवी_नेमणूक, ब्रुकलिन ब्रिजचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग पाण्याखालच्या पायाच्या कामात, दाबाच्या हवेतल्या आजाराने अंथरुणाला खिळला. त्याची पत्नी एमिली हिच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. ती पदार्थांची ताकद, ताणाचं गणित, केबलचं काम शिकत गेली आणि वर्षानुवर्षं साइट आणि तो यांच्यामधली सगळी जबाबदारी तिने पेलली. 1883 साली पूल खुला झाला. त्यामुळे कागदाचा प्रश्न मला छोटा वाटतो. काही पदांना आणि सह्यांना पदवी लागते हे खरं. ती नोकरी करत पुढे घेता येते. साइटची पहिली वर्षं पुढे घेता येत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाला गोड उत्तर देणार नाही. माझ्या पहिल्या साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. मी दिवसभर पाणी पीत नसे आणि त्याचा त्रास पुढे कित्येक वर्षं भोगला. तू असं करू नकोस. पहिल्याच आठवड्यात लेखी माग. ते तुझ्या एकटीसाठी नाही. माल वाहणाऱ्या बायका आधीपासून तिथे आहेत, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आणि "ड्रॉइंग बघ" म्हणाले तर ड्रॉइंग हातात घेऊनच परांचीवर चढ.

मोजमाप
शेवटचं वाक्य सगळ्यांनाच लागू. ड्रॉइंग ऑफिसात आणि माणूस साइटवर असला की माझ्याकडे जादा कामाची बिलं येतात.

परांची
मी सेफ्टी बघतो. तीस वर्षांचा प्रश्न विचारलात म्हणून लिहितो, कारण तीस वर्षं शरीरालाही काढायची असतात.

काँक्रीट किंवा दगड कोरडा कापताना जी धूळ उडते, त्यातले सिलिकाचे बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. सिलिकोसिस बरा होत नाही आणि कित्येकदा तो कळेपर्यंत वर्षं गेलेली असतात. पाणी सोडून कापा. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, त्यासाठीचा मास्क वेगळा असतो. ओल्या सिमेंटचा सामू 12 ते 13 च्या घरात असतो, म्हणजे ते कातडी भाजतं. मी एका मुलाचे गुडघे पाहिलेत. दुपारभर ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून काम केलं, तेव्हा काही जाणवलं नाही, संध्याकाळी पँट काढली तेव्हा कातडी सोलली गेली होती. उंचीची भीती सगळ्यांना असते, सिमेंटची कुणालाच नसते.

गोल्डन गेट पुलाखाली बांधकामात जाळी लावली होती. त्या काळी हा खर्च अनेकांना नवाच होता. जाळीने 19 माणसं वाचवली. फेब्रुवारी 1937 मध्ये एक मोठा मचाण तुटून जाळीसकट खाली गेला आणि 10 जण गेले. दोन्ही आकडे मी नव्या मुलांना एकत्रच सांगतो. जाळी लावा, आणि जाळीवर किती वजन पडू शकतं तेही बघा.

नकाशा
इथे सगळे सुई आणि गुण्यावर बोलताहेत, म्हणून विरुद्ध बाजू. मी प्लॅनिंग आणि बीआयएम, म्हणजे इमारतीचं संगणकावरचं मॉडेल, करतो. ऑटोकॅड 1982 साली आलं आणि काही वर्षांत ड्रॉइंग बोर्डावरची शाई गेली. जे फक्त सुबक रेघ ओढत होते त्यांचं काम गेलं. आता मॉडेलमध्ये पाइप आणि बीमची टक्कर आधीच दिसते. जो हे शिकणार नाही तो दहा वर्षांनी बाहेर असेल. कोर्स करावेत का, तर हो, नक्की करावेत.

ओळंबा
कोर्सला विरोध नाही. पण मागच्या वर्षी माझ्याकडे सहा प्रमाणपत्रं घेऊन आलेल्या मुलाने बार चार्टमध्ये (कामाच्या वेळापत्रकात) स्लॅबनंतर तिसऱ्या दिवशी, काँक्रीट कच्चं असतानाच, खालचे टेकू काढले होते. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही. त्याला टेकू काय ते माहीत नसतं.

नकाशा
मान्य, पण ती चूक सॉफ्टवेअरची नाही, मुलाला कुणी साइट दाखवली नाही त्याची आहे. मी स्वतः आधी चार वर्षं साइटवर होतो, म्हणूनच माझा चार्ट खरा ठरतो. बहुतेक आपण एकच गोष्ट दोन टोकांनी सांगतोय. तिसरा_मजला, क्रम तेवढा लक्षात घे: काम आधी पाहा, मग त्याचं मॉडेल करायला शिक.

गंजखोर
दुरुस्ती आणि जलरोधनाचं काम करतो. मंदीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्याजदर चढले की नवी बांधकामं थांबतात, पण जुन्या इमारती गंजायचं थांबवत नाहीत. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, कव्हर फोडून बाहेर येतो, मग आम्हाला फोन येतो.

दुरुस्तीत एक वर्ष काढून बघा. कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर धरणारे ठोकळे) न लावता सळई सरळ फळीवर टेकवलेली असते, ती वीस वर्षांनी कशी दिसते ते मी रोज पाहतो. छतातून सळईची अख्खी जाळी हाडांसारखी वर आलेली असते. एकदा पाहिलं की नव्या साइटवर कव्हर ब्लॉक मोजूनच काँक्रीटला परवानगी द्याल. शिवाय सिमेंट उद्योगातून जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के बाहेर पडतो. पाडून नवं बांधण्यापेक्षा आहे ते टिकवण्याचं काम वाढणारच आहे.

सोडलेली_साइट
गंजखोर, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. मला वाटायचं बांधकाम म्हणजे नवी इमारत, ती थांबली की आपण संपलो.

सोडल्याचं दुःख नाही, मुलगी आता माझ्याबरोबर जेवते. पण परवा तिच्या शाळेच्या रस्त्यावर एक स्लॅब चालू होता. मी थांबलो. सुईचा आवाज आला आणि तो एका सुरात येईपर्यंत माझा पाय निघेना. थापीभाऊ, तुम्ही लिहिलंय ना, तसाच.

थापी
मुलाला हे दोनदा वाचायला लावलं. कधीही या साइटवर.

तिसरा_मजला
आठ दिवसांनी लिहितोय. डिझायनरना मेल केला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: एवढ्या वजनाने धोका नाही, पण पुढच्या प्रत्येक स्लॅबची मोजलेली जाडी पाठवा. वरिष्ठ आधी चिडले. मग मोजमापदादांचा 4 घनमीटरचा हिशोब त्यांच्यापुढे ठेवला. बराच वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले, "मागच्या चार मजल्यांचं काढ."

चूक कुठे होती तेही सापडलं. लेव्हलच्या खुणा फक्त कडेच्या कॉलमवर होत्या, मधे दोरी लोंबायची म्हणून माणसं अंदाजाने चढवायची. आता मधे दर 2 मीटरवर सळईच्या तुकड्यांवर खुणा केल्यात. आणि हे काम किल्ल्या देईपर्यंत सोडणार नाही असं ठरवलंय. घरीही सांगितलं. पगाराचं स्टोअरकीपरकडून कळलं, इथले वेळेवर होतात.

ओळंबाकाका, तुम्ही साइटची वही ठेवता का? ठेवत असाल तर रोज काय लिहिता?

ओळंबा
तारीख, हवा, कुठल्या कामाला किती माणसं, काय टाकलं, गाडी किती वाजता आली आणि किती वाजता रिकामी झाली, क्यूबचे (ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) नंबर. शेवटी एक ओळ: आज काय चुकलं. ती ओळ रिकामी राहिली तर मी साइटवर एक फेरी परत मारतो.

थापी
साहेब, पुढचा स्लॅब कधी? सुया दोन ठेवा. एक मधेच बंद पडते.

तिसरा_मजला
शनिवारी पहाटे पाचला. दोन ठेवल्यात भाऊ, आणि पहिला तास एक माझ्या हातात.